मुद्रांक शुल्क घेता, मग मालकीची हमी कोणी द्यायची?

गोव्यातल्या फोंड्यात किंवा म्हापशात 60 लाखांचा फ्लॅट घेणारे नोकरदार कुटुंब मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क मिळून सरकारला साडेतीन लाखांहून अधिक रक्कम मोजते. इमारतीचे काम चालू असेल तर वर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 3 लाख. मग उपनिबंधक कार्यालयाचा शिक्का बसलेले विक्रीखत हातात पडते आणि माणूस निर्धास्त होतो. सरकारी कचेरीत नोंद झाली, आता काय व्हायचे आहे?

पण त्या कचेरीत तपासले काय जाते? सही करणारा माणूस तोच आहे ना, शुल्क पुरते भरले आहे ना, लागणारे कागद जोडले आहेत ना. विकणारा त्या मालमत्तेचा खरोखर मालक आहे का, हे पाहणे 1908च्या नोंदणी कायद्यानुसार उपनिबंधकाचे कामच नाही. तमिळनाडूने एक नियम करून मालकीचे कागद पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली होती. एप्रिल 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि विकणाऱ्याची मालकी ठरवण्याचा अधिकार उपनिबंधकाला नाही, असे स्पष्ट सांगितले. सरकार शुल्क मालमत्तेच्या किमतीवर आकारते, नोंदवते मात्र फक्त दस्त. उद्या मालक भलताच निघाला, तर भरलेल्या साडेतीन लाखांच्या बदल्यात सरकार कशाचेही देणे लागत नाही.

हे बदलायला हवे. किमतीच्या प्रमाणात शुल्क घेणाऱ्या सरकारने मालकीच्या प्रश्नात काहीतरी जबाबदारी उचललीच पाहिजे, आणि गोव्यात तर ती अधिक उचलली पाहिजे. कारण इथली मालकी समजून घेणे हे सामान्य माणसाच्या आवाक्यातले काम राहिलेले नाही. सहकारी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली. समोर बसलेला माणूस हुशार असे, शिकलेला असे, घासाघीस करून भाव उतरवून आलेला असे. कागदांची फाईल उघडली की मात्र त्याचा चेहरा कोरा होई.

एक-चौदाचा उताराच घ्या. जमीन घेणाऱ्याच्या हातात सगळ्यांत आधी हाच कागद ठेवला जातो. वर तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक, उपविभाग, क्षेत्रफळ. खाली कब्जेदाराचे नाव. घेणारा तेवढे नाव वाचतो, विकणाऱ्याच्या आधार कार्डाशी ताडून पाहतो आणि समाधान मानतो. पण त्याच उताऱ्यावर कुळाचा रकाना असतो आणि इतर हक्कांचाही एक रकाना असतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात कधी एका ओळीत लिहिलेले असते की या जमिनीत अमक्याचे घर आहे. ती एक ओळ सगळा व्यवहार फिरवू शकते. आणि कब्जेदाराचे नाव तरी काय सांगते? ही नोंद मुक्तीनंतरच्या सर्वेक्षणात झाली. त्या वेळी घरी जो हजर होता, जो भाऊ गावात राहत होता, त्याचे नाव पुष्कळदा लागले. मुंबईला गेलेला भाऊ, सावंतवाडीला दिलेली बहीण, आफ्रिकेत नोकरीला असलेला काका यांची नावे राहून गेली. नाव राहिले म्हणून हक्क जात नाही. उताऱ्यावरची नोंद खरी मानून चालायचे असते, पण ती खोडून काढता येते, आणि मूळ मालकी तिच्यावर ठरत नाही.

त्यात आपला वारसा कायदा बाकीच्या देशाहून वेगळा. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या या व्यवस्थेत विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता नवराबायको दोघांची असते, आणि मुलगा-मुलगी असा भेद वारशात नाही. 2012चा गोवा उत्तराधिकार कायदा 2016पासून अमलात आला, तोही याच पायावर उभा आहे. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी. पण घर घेणाऱ्याने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. विक्रीखतावर विकणाऱ्याच्या पत्नीचीही सही लागते. वडील वारले असतील तर सगळ्या मुलामुलींच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या लागतात. वारसांची आणि मालमत्तेची रीतसर नोंद करून वाटण्या करण्याची प्रक्रिया, म्हणजे इन्व्हेंटरी, पुरी झाली असेल तर प्रश्न मिटतो, पण अनेक कुटुंबांत ती दोन-दोन पिढ्या झालेलीच नसते. शिवाय सामाईक मालमत्तेतला आपला हिस्सा कोणी परक्याला विकत असेल, तर तो आधी घेण्याचा हक्क इतर सहहिस्सेदारांना असतो. माझ्याकडे एका शिक्षक दांपत्याची फाईल आली होती. डिचोली तालुक्यातला प्लॉट, भाव चांगला, रस्ता चांगला. तीन भावांच्या सह्या, तीन वहिन्यांच्या सह्या. जुन्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर एका बहिणीचे नाव दिसले. विचारल्यावर भाऊ म्हणाले, ‘तिचें लग्न जालां न्हय, तिका कित्याक?’ (तिचे लग्न झाले ना, मग तिला कशाला?) त्या दांपत्याने तोवर 5 लाख रुपये टोकन देऊन ठेवले होते.

या टोकनच्या पद्धतीबद्दल मला फार पोटतिडकीने सांगायचे आहे. गोव्यात घराचा व्यवहार तोंडी ठरतो, दलाल म्हणतो, दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे, आणि माणूस घाईघाईत लाख-दोन लाख, कधी पाच लाख देऊन टाकतो. कागद नंतर पाहू. तिथून पुढे शोध घेणारा वकील कितीही चांगला असला तरी ग्राहकाचा हात दगडाखाली अडकलेला असतो. दोष निघाला तरी पैसे सुटत नाहीत म्हणून तो दोषाकडे कानाडोळा करायला लागतो. टोकन द्यायचेच असेल तर रक्कम छोटी ठेवा, चेकने किंवा खात्यातून द्या, आणि पावतीवर स्पष्ट लिहून घ्या की मालकीच्या शोधात दोष निघाल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम ठरावीक दिवसांत परत मिळेल. विकणारा या वाक्याला तयार नसेल, तर त्याच्या फाईलमध्ये काय आहे याचा अंदाज तिथेच येतो.

वकील आपला स्वतःचा हवा. बिल्डरने सुचवलेला नको, दलालाच्या ओळखीचा नको. ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद चोख’ ही समजूत मी टेबलापलीकडून रोज ऐकली आणि रोज खोडली. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचे हित पाहतो. बँकेजवळ तुमची पगारपत्रके असतात, जामीनदार असतो. मालकीचा दावा उद्या उलटला तरी तुमचा हप्ता चालूच राहतो.

मुंडकाराचा प्रश्न तर बाहेरून येणाऱ्याला माहीतच नसतो आणि आपल्यातलेही बरेच जण विसरतात. 1975च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्याला संरक्षण दिले आणि राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला. घराखालची व भोवतालची जमीन धरून पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटर आणि पालिका क्षेत्रात 200 चौरस मीटरपर्यंत हा हक्क पोचतो. तुम्ही 450 चौरस मीटरचा प्लॉट घेतला आणि कोपऱ्यात एक कौलारू घर असेल, तर हाती 150 चौरस मीटरच उरू शकतात. म्हणून प्लॉट स्वतः चालून पाहावा, शेजाऱ्यांशी बोलावे, मामलेदार कचेरीत मुंडकार किंवा कूळ म्हणून एखादा दावा चालू आहे का ते काढावे. कोमुनिदादीची, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या सामाईक मालकीची जमीन असेल तर आणखी सावधगिरी. तिथले अधिकार आणि परवानग्या स्वतंत्र संहितेने चालतात, आणि घरपट्टीची पावती, वीजमीटर किंवा पंचायतीचा घर क्रमांक यांतले काहीही मालकीचा पुरावा होत नाही.

झोनचेही तसेच. जाहिरातीत ‘सेटलमेंट’, म्हणजे वस्तीसाठी राखलेला झोन, असे लिहिलेले असते. ते प्रादेशिक आराखड्यातच सेटलमेंट आहे की मागाहून दुरुस्ती करून झालेले, हे नगरनियोजन खात्याच्या झोनिंग दाखल्यावरून विचारून घ्यावे. 2023मध्ये नगरनियोजन कायद्यात आणलेल्या 17(2) या पोटकलमाखाली अनेक भूखंडांचे झोन बदलले गेले, आणि मार्च 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या नियमांना कात्री लावली. अशा जमिनीवर आयुष्याची कमाई लावणे मला तरी धोक्याचे वाटते. झोनच्या जोडीला रूपांतरणाची सनद, नगरनियोजनाची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा बांधकाम परवाना, आणि तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात. जुन्या इमारतीतला फ्लॅट दुसऱ्या हाताने घेताना आणखी एक प्रश्न विचारा: बिल्डरने या मालकाला विक्रीखत करून दिले होते का? गोव्यात अशी पुष्कळ बिल्डिंगे आहेत, जिथे वीस-पंचवीस वर्षे लोक नुसत्या करारनाम्यावर राहत आहेत, सोसायटी झालेली नाही आणि उताऱ्यावर अजून मूळ भाटकाराचेच नाव आहे.

आता पैशांचे. 60 लाखांच्या फ्लॅटला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 80 टक्के कर्ज मिळते, म्हणजे 48 लाख. लोक हिशेब करतात की 12 लाख जमवले की झाले. पण मुद्रांक आणि नोंदणी शुल्क कर्जाच्या हिशेबात धरले जात नाही. साडेतीन लाखांहून अधिक ते, 3 लाख जीएसटी, वकील, मीटर, मेंटेनन्सची आगाऊ रक्कम. पंखा लावण्याआधीच 19-20 लाख स्वतःचे हवेत. ते नसतात म्हणून माणूस पर्सनल लोन काढतो, सोने गहाण टाकतो, आणि पहिल्याच वर्षी घर अंगावर येते. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांचे 48 लाखांचे कर्ज काढले तर हप्ता 41 हजार 650 रुपयांच्या आसपास पडतो. पहिल्या हप्त्यातले 34 हजार निव्वळ व्याज असते. वीस वर्षांत 48 लाखांचे जवळजवळ 1 कोटी भरावे लागतात. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी फेडण्यावर वैयक्तिक गृहकर्जाला दंड नाही. वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरला तरी मुदत तीन वर्षांहून अधिक कमी होते. बोनस मिळतो त्या महिन्यात ही सवय लावून घ्यावी. करसवलतीसाठी मात्र घर घेऊ नये. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही. आणि किंमत 50 लाखांच्या वर असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. विकणारा परदेशी स्थायिक असेल, आणि गोव्यात असे विकणारे भरपूर, तर कपातीचा दर बराच जास्त असतो. तिथे चूक झाली तर आयकर खाते तुमच्याकडे येते, लिस्बनला किंवा लंडनला जात नाही.

इतके सगळे पाहूनही माणूस सुरक्षित आहे का? नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न फक्त वैयक्तिक सावधगिरीचा उरत नाही. जून 2022मध्ये राज्य सरकारला जमीन हडप प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग आला. पोर्तुगीजकालीन वाटावेत असे बनावट दस्त तयार करून ते सरकारी नोंदींत घुसवले गेले, त्यांच्या आधारे उताऱ्यावर नावे चढली आणि पुढे जमिनी विकल्या गेल्या. ज्याने असा प्लॉट घेतला त्याने उतारा पाहिला होता, शोध घेतला होता, शुल्क भरले होते. सरकारी दप्तरातलाच कागद खोटा निघाला, तर ग्राहकाने आणखी कुठे शोधायचे होते?

हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. दिल्ली-मुंबईहून येऊन आसगावात किंवा शिवोलीत व्हिला घेणाऱ्याकडे वकिलांची फौज असते, आणि व्यवहार फसला तर त्याचे दुसरे घर जाते. पेडण्यात मोपा विमानतळानंतर जमिनीचे भाव चढले, तिथल्या तरुणाचे मात्र पहिलेच घर असते. 2011च्या जनगणनेत गोव्यातली साधारण पाचांतले एक घर रिकामे होते. घरे बांधली जात आहेत, त्यांत राहायला जागा शोधणारा गोमंतकीय मात्र कागदांच्या भीतीने भाड्याच्या खोलीत दिवस काढतो, किंवा भीती गिळून स्वस्तातल्या धोकादायक प्लॉटकडे वळतो. बाहेरच्यांना शिव्या घालून हे सुटणार नाही. कमी पगाराच्या माणसालाही चोख कागद परवडेल अशी व्यवस्था सरकारने उभी करायला हवी.

तशी व्यवस्था जगात नवी नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1858मध्ये मालकीचीच नोंद करणारी पद्धत आणली, जिथे नोंदवहीतले नाव हीच मालकी आणि नोंदीतल्या चुकीने नुकसान झाले तर भरपाई निधीतून मिळते. आपल्याकडे राजस्थानने 2016मध्ये शहरी जमिनीच्या मालकी प्रमाणपत्राचा कायदा केला, नीती आयोगाने 2020मध्ये मालकी हमीच्या कायद्याचा नमुना राज्यांकडे पाठवला.

याविरुद्धचा एक आक्षेप मला अस्वस्थ करतो आणि त्याला बगल द्यायची माझी तयारी नाही. सरकार एकदा कोणाला पक्का मालक ठरवून मोकळे झाले, तर ज्यांचा हक्क कागदावर चढलाच नाही त्यांचे काय? उताऱ्यावर नाव नसलेली सावंतवाडीची बहीण, नोंद न झालेला मुंडकार, तीन पिढ्या कसणारे कूळ. घाईने मालकी पक्की केली तर भाटकार आणि बिल्डर जिंकतील, हे लोक कायमचे हरतील. म्हणून संपूर्ण गोव्यासाठी एका झटक्यात हमी आणावी, असे मी म्हणणार नाही. आधी मुंडकारांचे पडून राहिलेले दावे ठरावीक मुदतीत निकाली काढा, इन्व्हेंटरीसाठी सामान्य कुटुंबाला परवडेल अशी सोय करा, गावागावांत ग्रामसभेपुढे नोंदी वाचून दाखवा. ते काम दहा-पंधरा वर्षांचे आहे आणि आज सुरू झाले तरच तेव्हा संपेल. ‘हमी दिली तर सरकार भरपाई देऊन देऊन दिवाळखोर होईल,’ असेही कचेरीतले लोक म्हणतात. ज्या नोंदींवर सरकारचाच इतका विश्वास नाही, त्याच नोंदींवर विसंबून शिक्षकाने, नर्सने, कदंब बसच्या कंडक्टरने 48 लाखांचे कर्ज काढावे, हे मला मान्य नाही.

फ्लॅटच्या बाबतीत तर थांबायचे कारणच नाही. घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या 2016च्या रेरा कायद्यात बऱ्याच गोष्टी आधीच आहेत. 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा 8पर्यंत सदनिका असलेल्या छोट्या प्रकल्पांची सूट सोडली, तर प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हे कलम आपल्या लोकांना माहीत नसते आणि ते वीस-तीस टक्के देऊन बसतात. जमिनीच्या सदोष मालकीमुळे नुकसान झाले तर 18व्या कलमानुसार बिल्डर भरपाईला बांधील आहे, आणि त्या मागणीला कालमर्यादेची आडकाठी नाही. मात्र भरपाई मागायला बिल्डर जागेवर आणि पैसेवाला असावा लागतो. एक प्रकल्प संपला की कंपनी गुंडाळणाऱ्याकडून काय वसूल करणार? यावरचा उपाय 16व्या कलमात आहे. सरकारने अधिसूचित केलेला जमिनीच्या मालकीचा आणि बांधकामाचा विमा बिल्डरने काढायचा, आणि विक्रीचा करार झाला की त्या विम्याचा लाभ घर घेणाऱ्याकडे जातो. प्रत्यक्षात फ्लॅटच्या चाव्यांबरोबर अशी पॉलिसी आपल्या लोकांच्या हाती पडत नाही.

मालकी विम्याची सक्ती झाली तर पहिला फायदा असा की विमा कंपनी आपल्या पैशांच्या काळजीने कागद तपासेल. बहिणीची सही राहिलेली जमीन, मुंडकाराचा दावा लपवलेला प्लॉट विमा मिळाला नाही म्हणून बाजारातच येणार नाही. हप्ता बिल्डर किमतीत घालेल हे मला माहीत आहे. मुद्रांक शुल्कातला एक छोटा वाटा पहिले घर घेणाऱ्याच्या बाबतीत या हप्त्याकडे वळवला, तर तो बोजाही उरणार नाही. विम्याच्या सक्तीसाठी विधानसभेत नवे विधेयक आणायला नको, राज्य सरकारची एक अधिसूचना पुरते. पॉलिसीचा क्रमांक प्रत्येक करारनाम्यात आणि रेराच्या नोंदणीत छापणे तिने सक्तीचे करावे, विम्याची रक्कम प्रकल्पाच्या एकूण विक्री किमतीहून कमी असू नये, आणि पॉलिसी नसलेल्या प्रकल्पातल्या फ्लॅटच्या कराराला उपनिबंधकाने हात लावू नये.